लेकीच्या देशाची भाषा

५ जानेवारी, सोमवार

टेबल पुरुष आहे. दार बाई आहे. आणि मुलगी — चांगली हाडामांसाची मुलगी! — ती नपुंसकलिंगी! हे कुणी ठरवलं विचारलं, तर शिकवणारी म्हणते, "कारण शोधू नका आजी, पाठ करा." आजी! चौतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. न्यायाधीशसुद्धा "बाई, घ्या लिहून" म्हणायचे. आणि ही सव्वीस वर्षांची पोरगी मला आजी म्हणते.

धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती हसत सुटली. "अगं, आपलं मूल तरी काय आहे? ते मूल, ते रडतं!" म्हटलं, आपलं आपण निस्तरू, त्यांचं त्यांनी निस्तरावं.

७ जानेवारी, बुधवार

आकडेही उलटे. आधी एक, मग वीस. वर्गात सगळे कुरकुरले. मीही कुरकुरले. घरी येताना जिन्यात लक्षात आलं की एकवीस म्हणजे तरी काय! म्हणजे हे आयतंच येत होतं मला. तरी चाचणीत तीन चुका.

९ जानेवारी, शुक्रवार

आज फजिती. बाईंनी एक उतारा मोठ्यानं वाचला. आठवेल तेवढं लिहा म्हणाल्या. माझा हात आपोआप चालला — शॉर्टहँडमध्ये. शॉर्टहँडला भाषा लागत नाही. कानावर पडेल तो आवाज, त्याची रेघ. वाचून दाखवा म्हणाल्या. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत घडाघडा वाचलं. वर्गातल्या अकरा पोरांनी टाळ्या वाजवल्या!

"छान! आता अर्थ सांगा."

अर्थ? एका शब्दाचा नाही. सगळं डोक्यावरून. खरं म्हणजे डोकं मध्ये न घालणं हीच माझी नोकरी होती. साक्षीदार काय म्हणतोय याचा विचार करत बसलं की पुढचं वाक्य निसटतं. खुनाचे खटले उतरवून घेतले, आणि संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं तर सांगता यायचं नाही कोणी कोणाला मारलं. आता या वयात डोकं घाला म्हणतात.

११ जानेवारी, रविवार

लेकीचा फोन. व्हिडिओवर. केस पुन्हा मोकळे, स्वयंपाक करताना! सांगितलं, बांध. मागे ओट्यावर ओलं फडकं तसंच. तेही सांगितलं. "हो आई." भात फार शिजवते ती. हो आई.

मागून जावई डोकावला. त्याचं डोकं फोनमध्ये कधी मावत नाही; शर्टाची बटणंच दिसतात. मी त्याला मनात खांब म्हणते. खांब काहीतरी भरभर बोलला आणि हसला. काय म्हणाला विचारलं, तर लेक म्हणाली, "काही नाही, तुला नमस्कार सांगतोय." नमस्काराला एवढं हसू येतं का कुणाला?

मी तिथं राहायला येणं त्याला नको असणार. नसू दे. हे गेले तेव्हा लेकच म्हणाली होती, "तू आता माझ्याकडेच चल." पाहुणी म्हणून गेलं तर तीनच महिने राहता येतं. कायमचं राहायचं तर आधी ही परीक्षा — लेखी आणि तोंडी. दहा मार्चला.

२० जानेवारी, मंगळवार

रोज तीन तास. शब्द एवढे लांब की दुसरं टोक गाठेपर्यंत पहिलं विसरतं. चष्म्याचा नंबर वाढला.

२१ जानेवारी, बुधवार

काही नाही. घसा दुखतोय. त्यांचा तो खाकरल्यासारखा आवाज काढून काढून.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सराव परीक्षा. शंभरात एकतीस. बाकावर शेजारी बसणारी नर्स म्हणाली, "काकू, टेन्शन नका घेऊ." तिला अठ्ठ्याऐंशी! पुस्तक पिशवीत कोंबलं आणि निघून आले. घरी येऊन रडले. मग उठून पुन्हा पुस्तक काढलं. या घरात दोन वर्षं भिंतींशी बोलतेय. लेकीच्या घरात निदान मागून कुणाच्या तरी चालण्याचा आवाज येईल. त्यासाठी दाराला बाई म्हणायला माझी हरकत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी गृहपाठ दिला. खऱ्या माणसांचं बोलणं ऐका, दहा ओळी लिहा, पुस्तकात शोधून अर्थ लावा. आता खरी माणसं कुठून आणू?

१५ फेब्रुवारी, रविवार

मिळाली! लेकीनं फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला आणि भांडी घासायला लागली. खांब आला. दोघं बोलत राहिली, तीन-चार मिनिटं. माझ्यासमोर ती बिनधास्त बोलतात; मला काय कळतंय! माझं पॅड मांडीवरच होतं. हात चालला. दोन पानं. दोघांचं वेगवेगळं लिहिलं, वादी-प्रतिवादी लिहायची सवय आहे तसं.

लेक परत फोनकडे वळली तेव्हा म्हटलं, कढई आतून नीट निघाली नाहीये. "हो आई."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस पुस्तक उलटंपालटं करतेय. "आई" सापडली. "परीक्षा" सापडली. "खोली" आणि "रंग" सापडले. माझ्यासाठी खोली रंगवतायत! मला सांगितलं नाही कार्टीनं. खांब रंगाच्या खर्चावरून कुरकुरत असणार. बाकीची क्रियापदं हाती लागत नाहीत.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग सुटल्यावर थांबले. बाईंना दोन्ही पानं वाचून दाखवली. त्या खूश! "दोन शब्द सोडले तर अचूक उतरवलंय, आजी. बसा, अर्थ लावू." आणि फळ्यावर एकेक ओळ लिहून मला समजावायला लागल्या. खडूनं क्रियापदाखाली रेघ मारत.

तो म्हणतो, खोलीला रंग लावून झाला, पडदे तुझ्या आईला विचारून घेऊ.

ती म्हणते, पडदे राहू दे. आई पास होणार नाही.

तो म्हणतो, आणि झाली तर? रोज तीन तास अभ्यास करते म्हणालीस.

ती म्हणते, नाही होणार. "येऊ नकोस" माझ्या तोंडून निघणार नाही. परीक्षेनं सांगितलेलं बरं.

तो म्हणतो, ती एकटी आहे.

ती म्हणते, माहीत आहे मला. पण ती समोर असली की मी दहा वर्षांची होते. आत्ता फोनवर आहे तरी मला वाटतंय मागे उभी राहून भांडी बघतेय.

"बघा, इथं भविष्यकाळ कसा सुंदर आलाय," बाई म्हणाल्या. "कुठल्या मालिकेतलं आहे हे?"

हो म्हटलं, मालिकेतलं.

"पुढं काय होतं?"

म्हटलं, अजून पाहिलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अभ्यास केला नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

चुकीचं ऐकलं असेल, असं दिवसभर मनाला समजावलं. पण माझ्या हाताची चूक होत नाही. चौतीस वर्षांत झाली नाही. पहिल्यांदाच वाटलं, व्हायला हवी होती.

आणि खांबाला मी दीड महिना शिव्या घालतेय!

१ मार्च, रविवार

फोन. केस मोकळे. पाच वेळा जीभ चावली. फडकं, गॅसवरचा डाग, तिचं वाकून बसणं — काही म्हणजे काही बोलले नाही. दहा मिनिटांनी लेक म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?"

बरं आहे म्हटलं. आणि मग बोलायला काही उरलंच नाही. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. म्हणजे इतकी वर्षं मी तिच्याशी दुसरं काही बोलतच नव्हते? मला वाटायचं, मी काळजी करते.

४ मार्च, बुधवार

राग जात नाहीये. माझ्या पोटची पोर, आणि माझ्या नापास होण्याची वाट बघत बसते! "येऊ नकोस" म्हणायचं तर तोंडानं म्हण ना. मी नापास होणार नाही. पाच तास बसले. सहा.

१० मार्च, मंगळवार

परीक्षा. लेखी ठीक. तोंडीला समोर दोघंजण. एकानं विचारलं, तिथं कशासाठी राहायचं आहे? सगळं कळलं मला, शब्दन् शब्द. लेकीबद्दल बोलले. ती लहानपणी कशी होती, आता काय काम करते, किती तास राबते. न अडखळता. तिच्याबद्दल इतकं चांगलं मी आपल्या भाषेत कधी बोलल्याचं आठवत नाही. बाहेर येऊन बाकावर बसले.

बहिणीचा फोन आला. "कशी गेली गं?" म्हटलं, ठीक.

२४ मार्च, मंगळवार

पास. शंभरात एक्याऐंशी.

लगेच फोन लावला. काय काय सुनावायचं ते त्यांच्या भाषेत तयार करून ठेवलं होतं. तिनं उचलला आणि "आई?" एवढंच म्हणाली. दोन आठवडे झोपली नसावी असा आवाज.

नापास झाले गं, म्हटलं.

लेक आधी रडली. मग माझ्याशी तासभर बोलली — ऑफिसमधलं, खांबाशी झालेलं भांडण, तिला रात्री येणारी स्वप्नं. लग्न होऊन गेल्यापासून इतकं कधी बोलली नव्हती.