हृदयापुढचा 'निकामी' हा शब्द खोडण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
अवयव प्रत्यारोपण विभाग,
खोली क्रमांक सात, रुग्णालयाची जुनी इमारत.

अर्जदार : शिलाईकाम करणारी, वय बावन्न. हृदय प्रत्यारोपणास अकरा वर्षे पूर्ण.

विषय : माझ्या छातीतील हृदयापुढे लिहिलेला 'निकामी' हा शब्द खोडून दोष माझ्या नावे नोंदवण्याबाबत.

संदर्भ : यंदाचा वार्षिक तपासणी अहवाल, पान दोन, शेवटची ओळ.

महोदय,

१. सविनय सादर करते की, मला ज्या तरुणाचे हृदय बसवले त्याचे नाव नियमाप्रमाणे मला ठाऊक नाही. तो शिड्या बनवणारा सुतार होता, एवढे त्याच्या आईने आपल्या विभागामार्फत कळवले होते. "माझ्या लेकाने हातातलं काम कधी अर्धवट टाकलं नाही," असेही तिने लिहिले होते. संदर्भीय अहवालात मात्र 'औषधे नियमित असूनही दात्याचे हृदय निकामी होत आहे' असे नमूद आहे. हेच वाक्य महिनाअखेरीस त्या आईला जाणाऱ्या वार्षिक पत्रात जाणार असल्याचे समजते.

२. औषधे नियमित नव्हती. शरीराने परक्या हृदयाला झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या आहेत, त्यांनी माझे हात थरथरतात. सुईत दोरा जात नाही. तीन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाचे कपडे शिवायला घेतले. बहीण म्हणाली, "ताई, काजं तुझ्याच हातची हवीत गं, मशीनची नकोत." बेचाळीस काजे होती. एकोणीस दिवस मी संध्याकाळची गोळी घेतली नाही. हात शांत झाले. गोळ्यांच्या वहीत मात्र रोज बरोबरची खूण केली, तीही न थरथरता. काजांचे फार कौतुक झाले. पुढे बारीक काम आले की तेच करू लागले. तपासणीच्या आधी आठवडाभर गोळ्या वेळेवर घेत असल्याने रक्तातही चोरी सापडली नाही.

३. आता हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. छातीत एकदाही कळ आली नाही. डॉक्टरांनी समजावले की शस्त्रक्रियेत नसा तोडाव्या लागतात, त्यामुळे या हृदयाचे दुखणे मला कळत नाही. जिना चढताना मी आधी दमते, ते मागाहून धावत येते. मी आधी घाबरते, ते नंतर धडधडते. आमचे हे थट्टेने म्हणत, "हृदय दुसऱ्याचं आणलंस, पण जीभ तुझीच राहिली." खरेच आहे. बोलणारी जीभ माझी, सोसणारे ते. अकरा वर्षे ते माझ्या घरी पाहुणा म्हणून राहिले, उपाशी ठेवले तरी एका शब्दाने बोलले नाही. म्हणून त्याच्या वतीने हा अर्ज मी करीत आहे.

४. याबाबत आपल्या कारकुनांना दोनदा भेटले. पहिल्यांदा ते म्हणाले की फॉर्ममध्ये कारणाचे तीनच पर्याय आहेत, 'रुग्णाने फसवले' असा पर्याय नाही. तो चौथा पर्याय छापावा, ही विनंती. दुसऱ्यांदा म्हणाले, "मावशी, हृदयाच्या वतीने अर्ज करायचा तर त्याची सही लागेल." ते हसत होते. तरीही मी खाली जाऊन ईसीजी काढून घेतला. ती पट्टी सोबत जोडली आहे. सही त्याच्याच हातची आहे.

५. गोळ्या चुकवणाऱ्याचे नाव दुसऱ्या हृदयाच्या यादीत मागे पडते, कदाचित वगळतात, हे मला माहीत आहे. घरी अजून कोणालाच सांगितलेले नाही. यादीबाबत आपण जो निर्णय घ्याल तो मान्य आहे. मात्र आईला जाणारे पत्र आधी दुरुस्त व्हावे. त्यात एवढेच लिहावे : 'आपल्या मुलाने काम अर्धवट टाकलेले नाही. अजून करतो आहे. हयगय ज्या घरी तो राहिला, त्या घराची आहे.'

पत्र जाईपर्यंत सर्व गोळ्या वेळेवर घेत आहे. अक्षर वाकडे आले आहे, ते त्यामुळेच. क्षमा असावी.

मान खाली घालून,
आपली,
(अर्जदाराची सही)

दिनांक : चौदा

सोबत :
१. गोळ्यांची वही. खोट्या खुणांना लाल वर्तुळे केली आहेत.
२. ईसीजीची पट्टी. ज्याच्या वतीने अर्ज, त्याची सही.