चाचणी-कोठडीतून वाचलेल्या अँब्रोज टिल्सलीची निरवानिरव

मी, अँब्रोज टिल्सली, राहणार हॅदरली, वॉरिकशायर, विमानाच्या इंजिनांचा निवृत्त चाचणीकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे ते भाजलेल्या बोटांमुळे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसांबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही मला नीट कळले आहे. याआधीचे माझे कोणतेही मृत्युपत्र सापडल्यास ते रद्द समजावे.

एक. राहते घर, बाग आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी ग्वेनिथ हिला, कोणत्याही अटीविना. तिने घर विकले तर माझ्या बहिणीने, बिअट्रिसने, गळा काढू नये.

दोन. माझी मापे आणि बेअरिंगे खरवडायचे स्क्रेपर माझा जुना सहकारी रेग डंक्ली याला. त्याने ती हत्यारे उसनी देऊ नयेत. उसने दिलेले एकही परत आल्याचे मला आठवत नाही.

तीन. खिडकीतले जळके बेअरिंग चाचणी विभागाचे तेव्हाचे प्रमुख हार्कनेस साहेबांना. त्यांनी ते स्वतःच्या टेबलावर ठेवावे.

याचे कारण लिहिणे भाग आहे. इंजिनाचा मुख्य दांडा ज्यांवर फिरतो ती मेन बेअरिंगे फुटेपर्यंत चालवून पाहायची, हे आमचे काम. म्हणजे ती आकाशात फुटू नयेत. युद्धातल्या त्या हिवाळ्यात बेअरिंगांचे तांबे-शिशाचे नवे अस्तर तपासत होतो; इंजिन बंद कोठडीत, आम्ही बाहेर. तेलाचा दाब उतरू लागला. मी म्हणालो, "साहेब, बंद करू या. अस्तर सुटतंय."

"उद्या मंत्रालयाची माणसं येणार आहेत," हार्कनेस म्हणाले. "चालू ठेवा. दोघं आत जाऊन बघा, तेल गळतंय का."

मी आणि माझा जोडीदार सिरिल बॅगनॉल कोठडीत गेलो. हादऱ्याने दार उघडू नये म्हणून बाहेरून कडी लावत असत, तशी ती लागली. सिरिल माझ्या कानात ओरडला, "टिल्सली, पगार काय आपल्याला भाजून घ्यायचा मिळतो?" तेवढ्यात बेअरिंग जळून दांड्याला चिकटले, इंजिनाची कूस फाटली आणि तेल पेटले. आम्ही दार बडवले. शेजारच्या कोठड्यांतली इंजिने गर्जत होती. कोणाला ऐकू जाणार? सिरिल इंजिनाच्या बाजूला होता. त्याचे शेवटचे शब्द, "ग्वेनला बघ." बाहेरच्यांनी धूर पाहून कडी काढली, तेव्हा मी एकटाच जिवंत होतो.

चौकशीत हार्कनेस म्हणाले, ते दोघे न विचारता आत गेले. मी खरे ते सांगितले. ते फाईलमध्ये बंद झाले आणि गुप्ततेच्या कागदावर माझी सही घेतली. सिरिलच्या विधवेला एवढेच कळवले, की नवरा स्वतःच्या निष्काळजीपणाने गेला. ग्वेन, तो निष्काळजी नव्हता. गुप्तता मोडली म्हणून आता मेलेल्या माणसाला कोण तुरुंगात घालणार?

चार. ग्वेनिथ ही त्याचीच विधवा. 'बघ' म्हणजे लग्न कर, असा अर्थ मी लावला. मला ती आवडत होती, म्हणून तो अर्थ सोयीचाही होता. तिला माहेरी, वेल्सच्या किनाऱ्यावर परतायचे होते. माझे भाजलेले हात पाहून ती थांबली. मी वचनात अडकलो, ती दयेत. एका टेबलावर जेवलो, आणि सिरिलचे नाव दोघांनीही काढले नाही.

गेल्या रविवारी मी म्हणालो, "मी गेल्यावर घर विक. समुद्राकडे जा."

"इतकी वर्षं लागली हे म्हणायला?"

"आधी म्हणालो असतो, तर गेली असतीस?"

ती बराच वेळ किटलीचे झाकण पुसत राहिली. मग म्हणाली, "अँब्रोज, चहा गार होतोय."

तिला उत्तर द्यायला लावू नये, एवढे मला आता कळते.

पाच. मला चॅपलच्या भिंतीलगत पुरावे. आमच्याकडे थडग्याच्या दगडावर नवऱ्याच्या नावाखाली बायकोच्या नावाची जागा कोरी सोडतात. माझा दगड लहान घ्यावा, आणि माझ्या नावाखाली जागा सोडू नये.

वरील मजकूर वाचून पाहिला. तो माझाच आहे.

सही: अँब्रोज टिल्सली
हॅदरली, ९ मार्च १९५३

आमच्यादेखत सही केली:
होरेस लिमिंग, चॅपलचे वादक
विनिफ्रेड ओकडेन, शेजारीण