एकट्याने यायचं ठरवलं होतं, टँटी

ब्रुकलिन, रविवार, १४ एप्रिल १९९१
दुपारचे पावणेचार

आदरणीय टँटी क्लोटिल,

तुमच्या थोरल्या बहिणीचा नातू आल्बन याचा वाकून नमस्कार, आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. इकडे आम्ही खुशाल आहोत. हे लिहायला बसण्याआधी मी न्हाणीघरात बॅग कवेत घेऊन वजनकाट्यावर उभा होतो. आधी बॅगेसकट वजन करायचं, मग बॅगेशिवाय, मग वजाबाकी. वजाबाकी दरवेळी वेगळी येते. (आई बाहेरून म्हणाली, "बॅग तेवढीच आहे रे, काळजीने तूच झिजतोयस.") तुमचा गुडघा कसा आहे? डावा दुखतो की उजवा, यावर आमच्या घरात एकमत नाही, तेव्हा दोन्ही कसे आहेत ते कळवा. टाकीत पाणी किती उरलंय? या दिवसांत ते तळाला गेलेलं असणार आणि बादली आत सोडली की दगडावर आपटल्यासारखा आवाज येत असणार. मका आणि तूर निघाली म्हणजे शेळ्याही मोकळ्या सोडल्या असतील. शेळ्या मोकळ्या सुटल्या की आम्ही पोरंही मोकळी सुटायचो, आणि संध्याकाळी शेळ्या आपापल्या घरी यायच्या, आम्हाला मात्र शोधावं लागायचं. ब्रुकलिनमध्ये कुणीच मोकळं सुटत नाही. शेळीही नाही. पण ते असो.

पत्राचं कारण असं की मी कॅरिआकूला येतोय. आणि मी एकट्याने यायचं ठरवलं होतं. "होतं" हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. (शाळा मी अर्धवट सोडली हे तुम्हाला आईने कळवलंच असेल, पण माझ्या लिहिण्यात चूक काढून दाखवा. शब्दकोश उशाला असतो.)

मी निघालो तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आता सत्तावीस वर्षांचा आहे. मधल्या काळात आई दोनदा येऊन गेली, पण दोन्ही वेळा एकाच तिकिटाची ऐपत होती. आजी गेली तेव्हासुद्धा मी इथे रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालत होतो. तेव्हापासून मनात एकच गोष्ट बसली आहे. आपल्याकडे रस्त्यात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं नाव विचारत नाहीत, "कुणाचा रे तू?" एवढंच विचारतात. मला याचं उत्तर कधी द्यावंच लागलं नाही. कुंपणाबाहेरून कुणी विचारलं की तुम्ही घरातून, चुलीपुढे वाकलेल्या, न बघताच ओरडायचात, "आमचा!" आणि विचारणारा मान हलवून पुढे जायचा. इथे अठरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. इथे नंबर विचारतात. माझे तीन वेगवेगळे नंबर आहेत आणि तिन्ही मला पाठ आहेत.

तर माझा बेत असा होता. ग्रेनेडाला विमानातून उतरायचं, तिथून बोटीने हिल्सबरो, धक्क्यावरून कुणाशी न बोलता बोगल्सपर्यंत चालत यायचं आणि आपल्या कुंपणाशी उभं राहायचं. नाव सांगायचं नाही. तुम्ही मला ओळखता की नाही, एवढंच बघायचं. म्हणून एकट्याने. बरोबर एक जरी माणूस असला तरी तो वळणावरूनच ओरडणार, "क्लोटिल, बघ कोण आलंय!" मग तुम्ही आपणहून ओळखलंत की सांगितल्यावर ओळखलंत, हे मला जन्मभर कळणार नाही.

एकट्याने प्रवास करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. तिकिटं काढून देणाऱ्या बाईला बेटाचं नाव सांगितलं, तिने नकाशा काढला, बोटाने समुद्र चाचपला, मग चष्मा काढून पुसला. म्हणाली, तिथे बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, टँटी आहे. तिने ते कागदावर लिहून घेतलं. (तिला तो एखादा धबधबा वाटला असावा.) मग तिने मला दुसरंच एक बेट दाखवलं, जिथे नवरा-बायको उशांवर फुलं ठेवून झोपतात आणि एकट्या माणसाकडून दोघांचे पैसे घेतात. दुसऱ्याचे कशाचे, असं मी विचारलं, तर म्हणाली, रिकाम्या जागेचे. मी नम्रपणे सांगितलं की आमच्या घरी एका खाटेवर मी, आजी आणि टँटी असे तिघं झोपायचो आणि रिकामी जागा नावालाही नव्हती. त्या खाटेवर मधली जागा माझी. एका बाजूने आजीच्या अंगाचा जायफळाचा वास, दुसऱ्या बाजूने तुमचं घोरणं, आणि खालून खाडीतल्या होड्यांच्या दोऱ्या डोलकाठीवर आपटल्याचा टकटक आवाज. इथे माझी खाट रुंद आहे. झोप येत नाही.

तिकीट काढलं, कुणालाही सांगितलं नाही, आईलाही नाही. इथवर सगळं ठीक होतं. मग मला स्वप्न पडलं.

स्वप्नात आजी आली. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं होतं आणि ती पाठमोरी उभी राहून ढवळत होती. मी जवळ गेलो. तिने वळून पाहिलं आणि विचारलं, "कुणाचा रे तू?" टँटी, मी खिशातून कामावरचा बिल्ला काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो नीट पाहिला, मागूनपुढून पाहिला, परत दिला आणि ढवळायला लागली. मी जागा झालो.

हे स्वप्न मी मनात ठेवायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना चुलतभाऊ ऑगस्टिनच्या व्हॅनमध्ये बसलो. (तो फ्लॅटबुशवर वडाप चालवतो. आठ जणांच्या व्हॅनमध्ये तेरा, आणि तेरातली नऊ माणसं आपल्या बेटावरची.) मी त्याच्या कानाशी हळूच म्हटलं, आजी स्वप्नात आली होती, पातेल्यापाशी उभी होती. एवढंच म्हटलं. त्याने भर रस्त्यात ब्रेक मारला.

"पातेल्यापाशी?"

"हो, पण पुढे ऐक ना, ती मला म्हणाली..."

"पुढे एक शब्द काढू नकोस! मेलेलं माणूस पातेल्यापाशी कशाला येतं? हवा खायला?"

मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "भुकेली आहे गं बाई. किती वर्षं झाली तिला जाऊन?" सहा, असं ऑगस्टिनने सांगितलं. "सहा वर्षं! जेवण घातलं का एकदा तरी? आणि हे पोरगं इथे पिझ्झा खाऊन गुबगुबीत झालंय!" मागून भोंगे वाजत होते. कुणालाही त्याचं काही नव्हतं. माझं बाकीचं स्वप्न ऐकायला कुणीच तयार नव्हतं, कारण आपल्या माणसांच्या मते ते तिथेच संपलं होतं. पूर्वज स्वप्नात भांड्याजवळ दिसले की त्यांना जेवण हवंय. यात विचारायचं काय?

संध्याकाळी मला मिस ड्रुसिलापुढे उभं केलं. या बाई आमच्या कॅरिआकू मंडळाच्या अध्यक्ष. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढल्यामुळे समोर कुणीही असलं तरी त्या ओळीत उभं करतात. त्यांनी आजीचं नाव घेऊन विचारलं, "एलेना बसली होती की उभी?" उभी. "पायात चपला?" मला आठवेना. "अनवाणी असणार," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना रुमाल लावला. त्यांनी रुमाल लावल्यावर सगळ्यांनी लावला. आता अशा वेळी "बाई, ती जेवण मागत नव्हती, मी कोण ते विचारत होती," हे कसं सांगायचं? मी चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा कुणीतरी माझ्या हातात बशी दिली.

चर्चच्या तळघरात सभा भरली. एक बोकड की दोन, यावर तास गेला. ढोल तिकडचे की इकडून न्यायचे, यावर दुसरा. लाकडावर शिजवलेलं अन्न इतकी वर्षं कुणाच्या पोटात गेलेलं नाही हे सगळ्यांना एकदमच आठवलं, आणि मक्याचा घट्ट गोळा, तुरीचे दाणे, धुराचा वास लागलेला भाताचा मुटका अशी नावं घेता घेता सभा अशी शांत झाली की कुणाचं तरी पोट गुरगुरलेलं सगळ्यांना ऐकू आलं. त्या आठवड्यात ब्रुकलिनमध्ये स्वप्नांची साथच पसरली. ज्यांना वर्षानुवर्षं झोप नीट लागत नव्हती त्यांच्याही उशाशी बाप, सासरे, बुडालेले खलाशी येऊन काय काय मागू लागले. एकीच्या नवऱ्याने तर कडक रम मागितली आणि वर कुठल्या दुकानातली तेही सांगितलं.

थोडक्यात, अठरा माणसं येत आहेत. मला धरून. ऑगस्टिन येतोय. मिस ड्रुसिला येत आहेत. आईसुद्धा! मी म्हटलं, आई, मला एकट्याने जायचं होतं गं. तर म्हणाली, "मग जा की. मी तुझ्याबरोबर नाहीच. मी तुझ्याच विमानात आहे, एवढंच." मंडळाने जांभळे शर्ट छापून घेतलेत. पुढे आजीचा फोटो, आणि मागे प्रत्येकाचं तिच्याशी असलेलं नातं. माझ्या पाठीवर चार बोटं उंच अक्षरांत "नातू" असं आहे. धक्क्यापासून बोगल्सपर्यंत सगळे गात चालणार आणि मला पुढे ठेवणार. कुणी ओळखण्याचा प्रश्नच ठेवलेला नाही.

मला फार राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण परवा शर्ट आणायला गेलो तेव्हा मिस ड्रुसिला एकट्याच होत्या. त्यांनी शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली (घडी चुकीची होती, पण मी बोललो नाही) आणि म्हणाल्या, "आल्बन बाळा, शाळेपुढची चिंच आहे का रे अजून?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी नऊ वर्षांचा होतो. "मी बावीस वर्षं गेले नाही," त्या म्हणाल्या. "धक्क्यावर उतरले आणि कुणी विचारलं, बाई, कुठे जायचंय? तर काय सांगू रे?" एवढं बोलून त्या नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "उभा काय राहिलास, ते खोकं उचल!" मी उचललं. जिन्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्यांनाच बोलावणं हवं होतं. कुणीतरी आधी स्वप्न पाहील याची सगळे वाट बघत होते. तेव्हा आता त्यांना खरं सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. तुम्हीही सांगू नका.

तर सगळे शुक्रवार, १० मेच्या बोटीने येतील. जेवण शनिवारी. पिंपातून पीठ, तेल, साखर आणि दोन मोठी पातेली आधीच पाठवली आहेत. तुम्ही फक्त लाकडं जमवून ठेवा आणि गुडघ्यांना जपा. आजीच्या वाटणीचं ताट मांडाल तेव्हा टेबलावर घालायला पांढरं कापड मी आणतोय. ते मी स्वतः धुतलं आहे, स्वतः इस्त्री केली आहे, आणि एवढ्या एकाच गोष्टीबद्दल मला कसलीही काळजी वाटत नाही.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
आल्बन

ता. क. मिस ड्रुसिलांना मधल्या खोलीत झोपवा. त्यांना चिंचेबद्दल आपणहून काहीतरी सांगा, चांगलं असेल तर.

ता. क. २. खरं कारण आता लिहितो. मी माझं तिकीट बदललं आहे. ऑगस्टिनला नाही सांगितलं, आईलाही नाही. मी त्यांच्या आधी येतोय, कांदे नेणाऱ्या शिडाच्या बोटीने. अंगावर साधा शर्ट असेल, पाठ कोरी. मी कुंपणाशी उभा राहीन आणि काही बोलणार नाही. तुम्ही ओळखलंत तर ओळखलंत. नाही ओळखलंत तर येणाऱ्याजाणाऱ्याला देता तसं पाणी द्या, थोडंच, टाकी तळाला गेलेली असेल. ते पिऊन मी आभार मानीन आणि हिल्सबरोला परत जाईन. शुक्रवारी सगळ्यांबरोबर जांभळा शर्ट घालून पुन्हा येईन. तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदाच बघताय असं दाखवा. मीही तसंच दाखवीन. कुणाला काही कळणार नाही आणि मला वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल.) कोणत्या दिवशी येणार ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर मंगळवारी कुंपणाशी थांबलेला कुठलाही माणूस तुम्हाला आल्बनच वाटेल.

ता. क. ३. वरचा वार चुकून लिहिला गेला. पत्रात खाडाखोड करायची नाही असा माझा नियम आहे, तेव्हा तो तुम्ही वाचला नाही असं समजा. आईने माझा हल्लीचा फोटो पाठवायला सांगितलं होतं. तो मी मुद्दाम पाठवत नाही.

ता. क. ४. फोटो पाकिटात घातला आहे. मागच्या नाताळात कामावर काढलेला. सगळ्यांचे कपडे पांढरेच आहेत, म्हणून सांगतो, डावीकडून दुसरा मी. जो हसत नाहीये, तो.