खाप्याचा पतंग

११ ऑगस्ट २०२५

सतरा वर्षांपूर्वीची ती सकाळ आज पुन्हा समोर आली. कॉलेजच्या संग्रहालयात पतंगांची पेटी पुसत होतो. हातून पडली. एका पतंगाची, तो कुठे सापडला ते लिहिलेली चिठ्ठी हरवली. पंखांवर डोळे असलेला, पण ते मिटल्यासारखे. मनोहरराव सर रागावतील म्हणून मीच नवी चिठ्ठी लिहिली— ठिकाण: खापा. माझं गाव. दुसरं नाव सुचलंच नाही!

त्या चिठ्ठीवरून सरांनी या पतंगाची जात नवी, वेगळी ठरवली. नकाशावर तिचा एकच ठिपका. सरांची विद्यार्थिनी मोनाली, तिची पीएचडी त्याच ठिपक्यावर. आज म्हणाली, ‘काका, उद्या तुमच्या गावी पतंग शोधायला जाऊन राहिली मी. आईंना सांगा नं.’

सांगितलं.

१५ ऑगस्ट

पतंग यावेत म्हणून मोनालीनं तीन रात्री पांढरा पडदा टांगला, दिवा लावला. काहीच आलं नाही. बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

१६ ऑगस्ट

‘काका, भेटला! तुमच्याच घरी, भिंतीवर!’

मग आईनं फोन घेतला. ‘पन्नास वर्षं झाली मले या गावात. असं पाखरू कधी पाह्यलं नाही. हे काहून आलं रे बापा?’

१७ ऑगस्ट

विहारात पंचशील म्हणताना चौथ्याला आवाज फुटेना. खोटं न बोलण्याचं शील ते. शेजारचे आनंदराव म्हणाले, ‘घसा बसला का गा?’ मी मान हलवली. तेही खोटंच.

१९ ऑगस्ट

आता भिंतीवर बारा पतंग झालेत. भर दुपारी! आई म्हणते, ‘सारे तुझ्या खोलीकडं तोंड करून बसले. हाकलले तरी हालत नाहीत.’

मोनालीनं फोटो पाठवला. पेटीतल्याशी ताडून पाहिला. पेटीतल्याचे डोळे मिटलेले. यांचे किंचित उघडे वाटतात. मोनाली म्हणते, मिटलेलेच तर आहेत, काका!

२० ऑगस्ट

कुणाला कधी कळणार नाही. पतंग आहेत तिथे. पण मी लिहिलं तेव्हा नव्हते.

२२ ऑगस्ट

सरांना सगळं सांगितलं. खाप्याहून परतलेली मोनाली समोरच होती. ‘काका, माझी चार वर्षं...’ एवढंच म्हणाली.

सर हसले. ‘अहो, तिथंच सापडला नं? मग खोटं काय त्यात?’

‘आधी मी लिहिलं, सर. तो नंतर आला.’

सरांचं हसू थांबलं. मी पेटी उघडली, टाचणीवरची चिठ्ठी काढली. नवी लिहिली— ठिकाण माहीत नाही. खाली सही केली.