करवंटीतले वाल

अंबरनाथ (प.)
जानेवारी १९८७

तीर्थरूप माईंच्या पायांशी कुंदाचा नमस्कार. (गेल्या सोमवारपासून वाकायचं म्हटलं की माझी मान अडते, तरी नमस्कार पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामंजींचा खोकला थांबला का? इथे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

माई, मी आठवडाभर गप्प बसले. हे म्हणाले, आईला लिहू नकोस, तिला वाईट वाटेल. वाटू दे. तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेत अजून हंगामीच आहे आणि सोमवारी तपासणीचे साहेब माझा पाठ बघून कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. म्हणून तर माझ्या तिसरीच्या वर्गाने ओल्या कापसावर वाल रुजत घातले होते. प्रत्येक पोराची स्वतःची करवंटी, तिच्यावर नावाची चिठ्ठी. पोरं सकाळी प्रार्थना सोडून करवंटीत डोकं घालायची. फक्त अंजनीच्या वालांना मोड येईनात. ती रोज नाक ओढत विचारायची, बाई, माझेच का नाही?

शाळेत उंदीर फार, म्हणून रविवारपुरत्या त्या करवंट्या मी घरी आणल्या आणि ओट्यावर ओल्या फडक्याखाली झाकल्या. (आपल्या घरात वाल फडक्याखाली कशाला ठेवतात हे मला सुचायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात पाठ होता, पोट नव्हे.) मी तक्त्याचा कागद आणायला उल्हासनगरला गेले. परत आले तर घरभर नारळाचा वास, आणि तुम्ही पान वाढून बसलेल्या! बिरडं मी दोनदा मागून घेतलं. वर तुमची तारीफ केली. तुम्ही म्हणालात, "मोड छान आणलेस हो, सून शिकली शेवटी." मला वाटलं, बिरड्याचे वाल तुम्ही कुळगावहून आणलेत आणि कौतुक माझ्या करवंट्यांचं करताय, आणि मी लाजलेसुद्धा!

तुम्ही दुपारच्या गाडीने निघून गेलात आणि मी पोरांच्या वालांना पाणी घालायला उठले. माई, एक दाणा नाही! निदान करवंट्या तरी असतील म्हणून शोधल्या, तर त्या बंबात. म्हणजे वर्गाचे वाल मी खाल्ले आणि त्यांच्याच करवंट्यांवर तापलेल्या पाण्याने न्हाले. वाया काही जाऊ द्यायचं नाही हा तुमचा गुण मला मान्य आहे, पण त्याला काही सीमा? दहा वेळा तरी वाटलं की तशीच कुळगावला येऊन भांडावं. ह्यांना सांगितलं तर हे बोटं चाटत म्हणाले, चव मात्र झकास होती.

सोमवारी पोरांशी खोटं बोलवेना. खरं सांगितलं. अर्धा वर्ग रडला. तेवढ्यात साहेब आले, मागे आमचे हेडमास्तर विष्णुपंत. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, बी रुजलं की पुढे काय होतं? मी डोळ्यांनी खुणावत होते, पान, पान. महिपती ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "बाईंच्या सासूबाई येतात आणि बिरडं करतात."

साहेब रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. विष्णुपंतांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या घटकेला मला नोकरीही नको होती आणि सासरही. साहेब परत आले आणि म्हणाले, खाल्लेलं दाखवता येत नाही, महिनाअखेर पुन्हा येतो, तेव्हा रोप दाखवा. म्हणजे माझं कायम होणं टांगलेलंच. या सगळ्याबद्दल मी तुमच्यावर अतिशय रागावलेली आहे, हे कळावं.

तुमची (तरीही),
कुंदा

ता. क. बाजारचे वाल जुने निघतात. तुमच्या घरचे पाठवा. खरं तर घेऊन तुम्हीच या. मोड आणायला तुमच्यासारखा हात कोणाचा नाही, हे पोरांनीही पाहू दे. पेरेपर्यंत स्वयंपाकघर मात्र माझ्याकडे.

आणखी ता. क. बिरडं निवडताना न भिजलेले टणक दाणे तुम्ही तुळशीच्या कुंडीत टाकले होतेत ना? ते अंजनीचे. आज सकाळी त्यातला एक माती उचलून वर आलाय. अख्ख्या वर्गात तिचा एकटीचाच उरला. तिला मी अजून सांगितलेलं नाही, ती कुंडी तुम्हीच तिच्या हातात द्यायची आहे.