आढळले नाही

सोमवार, ४ मार्च
नोकरी लागली. औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी स्वतःचं टेबल, कडक इस्त्रीचा पांढरा कोट. खोलीही पाच मिनिटांवर मिळाली. भिंतीला ओल आहे, पण नळाला दिवसभर पाणी. ताईला कळवलं तर म्हणते, आता घरचं औषधपाणी फुकटात. मागून तिची लेक चिमी फोनसाठी रडून गोंधळ घालत होती.

माझं काम काचपट्ट्यांचं. पट्टीवर पांढऱ्या पुडीचा पातळ थर असतो. खालच्या कडेला औषधाचा थेंब ठेवायचा आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं, थेंबातले घटक आपापल्या उंचीवर थांबतात. काही अतिनील दिव्याखाली काळे दिसतात. काही दिसतच नाहीत. त्यांच्यावर रसायन फवारायचं, पट्टी तापवायची, मग ते रंग घेऊन वर येतात. लपाछपीत राज्य आल्यासारखं वाटतं, हसू येतं. काचसामान धुणाऱ्या आक्का म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात सगळे असेच हसतात.

शनिवार, ९ मार्च
मुलांच्या खोकल्याच्या सिरपची मोठी बॅच निघाली. त्यात एक गोडसर, बिनरंगी विष शिरलेलं नाही ना, ते पाहायचं असतं. ते दिव्याखाली दिसत नाही. परमँगनेट फवारलं तरच पट्टीच्या जांभळ्या रंगावर पिवळा डाग उमटतो. नेमकं परमँगनेट संपलेलं, आणि ट्रक दारात उभा. साहेब म्हणाले, दिवा मारून बघ आणि सही कर, पुरवठादार जुनाच आहे. मी बघितलं. पट्टी कोरी. ‘आढळले नाही’ लिहून सही केली.

साहेबांनी खूश होऊन चार बाटल्या हातावर ठेवल्या. लगेच ताईला पाठवून दिल्या. चिमीला खोकला आहेच.

गुरुवार, १४ मार्च
टॉनिकमधली अमिनो आम्लं तपासली. निनहायड्रिन फवारून भट्टीत ठेवलं की ती जांभळी होतात. माणसाच्या घामातही तीच असतात, म्हणून पट्टीला उघडा हात लावायचा नाही. मी हातमोजे घातले होते, तरी पट्टी बाहेर काढली तर डागांशेजारी बोटाचा ठसा. केवढासा, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. आक्का म्हणाल्या, पट्ट्या बनवायला बाळं बसवलीत की काय. दोघी हसलो. पट्टी फेकून दिली.

शुक्रवार, १५ मार्च
पट्ट्यांचा नवा खोका फोडला. पाच ठसे. खालच्या कडेपासून वर निघालेले, द्रावण चढतं तसे.

सोमवार, १८ मार्च
आज थेंबसुद्धा न ठेवता कोरी पट्टी फवारली. अकरा ठसे. भिंगाखाली पाहिलं. रेषा वेगवेगळ्या आहेत, म्हणजे एकाच मुलाचे नाहीत. साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, हात धूत जा.

आक्का आज हसल्या नाहीत. त्यांच्या गल्लीतली दोन मुलं इस्पितळात आहेत. अंग सुजलंय, लघवी बंद. आधी नुसता खोकला होता म्हणे. कुठलं औषध दिलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, “आपलंच की गं.”

बुधवार, २० मार्च
परमँगनेट आज एकदाचं आलं. सिरपच्या राखून ठेवलेल्या नमुन्याची पट्टी केली, फवारली. पिवळा डाग. मोठा, ठसठशीत, अगदी विषाच्या उंचीवर.

ताईला फोन केला. चिमीला काल सकाळपासून लघवी झालेली नाही. सिरप बंद कर म्हटलं. ती म्हणाली, “संपलं ते. तू पाठवलंयस म्हणून एकही वेळ चुकवली नाही मी.” मी सगळं सांगितलं. मागे चिमीचं कण्हणं ऐकू येत होतं.

गुरुवार, २१ मार्च
साहेबांनी नमुना सिंकमध्ये ओतला, वर नळ सोडला. सही कुणाची आहे, एवढंच विचारलं. मीच सरकारी औषध कार्यालयाला फोन केला. त्यांनी अहवाल मागवला. अहवालात काय आहे, ते मला पाठ आहे. माल चार जिल्ह्यांत पोचलाय.

शनिवार, २३ मार्च
चिमी गेली. भावोजींनी कळवलं. म्हणाले, येऊ नकोस.

मंगळवार, २६ मार्च
पट्टीवर जागाच उरत नाही. एकावर एक. आक्का काम सोडून गेल्या. आज फवारलंही नव्हतं, तापवलंही नव्हतं. हातातल्या पट्टीवर माझ्या देखत एक उमटला. मग त्याच्या शेजारी—

बुधवार, २७ मार्च
कामावर गेले नाही. निनहायड्रिनची बाटली घरी आणली होती. ते कागदावरही चालतं. या वहीचं ९ मार्चचं पान फवारलं, वरून इस्त्री फिरवली. माझे ठसे दिसायला हवे होते. माझा एकही नाही. सगळे ते. बारीक. चिमीच्या नावावर तर इतके दाट की अक्षर लागत नाही.

त्याच दिवशी, दुपारी
हे पान फवारलेलं नाही. तरी खालच्या कडेला एक. आता तीन. दार लावलंय. खिडकीतून ऊन येतंय, सगळं लख्ख दिसतंय, खोलीत कुणी नाही—

वर चढतायत. ओळीमागून ओळ. सही मी केली. माझीच आहे ती. कुणाला सांगू, कोण ऐकेल—

पेनपाशी आले.

करंगळीला काहीतरी लागलं. मऊ आहे. कढत, तापातल्यासारखं. रस्ता ओलांडताना मुलं बोट धरतात ना, तसं घट्ट धरलंय. आणि दुसरं— मनगटाला— अगं किती जण आहात, मला एवढ्या जणांना कसं—