जवसाच्या बरणीतल्या एकोणीस गोळ्या

बाबा,

जवस भाजायला बरणी उघडली, तर तळाशी तुमच्या एकोणीस गोळ्या निघाल्या. म्हणजे एकोणीस दिवस तुम्ही मला रिकामं पाकीट दाखवून "घेतली गं बाई" म्हणत होतात!

परवा शेजारच्या काकांना तोऱ्यात सांगत होतात, "लेकीच्या हातचं कमी मिठाचं खातोय, आता गोळ्या हव्यात कशाला?" मला ती थट्टा वाटली आणि मी वेड्यासारखी सुखावले. माझ्या भाजीने रक्तदाबाला मदत होते, एवढंच. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत गुठळी होऊ न देणं हे त्या गोळीचं काम आहे. दुधी कितीही वाफवला तरी त्याला ते जमणार नाही.

तुम्ही फिरून येईपर्यंत थांबले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आजच बोलावलंय. कामावर, प्रयोगशाळेत, रजेचं सांगून साडेदहाला परत येते, तयार राहा. तोवर चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका.

सूप झाकून ठेवलंय. प्या, पण त्याला औषध म्हणू नका.

बरणी मी नेली आहे. डॉक्टरांपुढे ती तुम्हीच उघडायची.